काळ्या पाषाणाच्या तळाशी

महाराष्ट्राच्या एकूण भूभागापैकी सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सह्याद्रीचे कडे, गडकोटांचे तट, वेरूळ-अजिंठ्याची लेणी, गावोगावच्या जुन्या विहिरींचे बांधकाम आणि रस्त्यावर पसरली जाणारी खडी, हे सारे या एकाच खडकाचे. त्याच्या टणकपणावर आपला इतका विश्वास की, कधीही न पुसल्या जाणाऱ्या गोष्टीला आपण 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो. दख्खनचे पठार हा भारतातील अत्यंत प्राचीन व स्थिर भूभाग आहे, तेथे मोठ्या भूकंपांचे भय नाही, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती, ती याच विश्वासातून.

या समजुतीला पहिला तडा ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर येथे गेला. त्या भूकंपाचे परिमाण ६.३ इतके होते. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. हजारो माणसे घरांच्या ढिगाऱ्यांखाली मृत्यू पावली. विशेष म्हणजे किल्लारीचा परिसर त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता.

भूकंप झाला तेथे पायाखाली काळा पाषाणच होता. मग हलले ते काय? हा प्रश्न समजावून घ्यावयाचा, तर पाषाणाच्या तळाशी आणि तेथून आणखी बरेच खाली जावे लागते. प्रत्यक्ष जाता येत नसले, तरी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनी तेथील बरीच माहिती मिळविली आहे, आणि तिची सुरुवात काही अंशी आपल्या देशातच झाली.

किती खोल गेलो?

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून तिच्या केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. मनुष्याने पाडलेले सर्वांत खोल उभे छिद्र म्हणजे रशियातील कोला द्वीपकल्पावरील विंधनविवर. १९७० साली त्याचे काम सुरू झाले आणि १९८९ साली ते १२,२६२ मीटर खोलीपर्यंत पोचले. तेथे खडकाचे तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअस आढळले. अपेक्षा होती त्याहून ते बरेच अधिक होते आणि अशा उष्णतेत यंत्रसामग्री चालेना, म्हणून काम पुढे सरकले नाही. एकोणीस वर्षांच्या त्या खटाटोपात अंतर काटले गेले ते केंद्रापर्यंतच्या वाटेचा पाचशेवा हिस्सादेखील नव्हे.

तेव्हा पृथ्वीच्या अंतरंगाविषयी आपण जे सांगतो, ते बहुतांशी साक्षीपुराव्यावर आधारलेले आहे. यांतला सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे स्वतः भूकंप.

भूकंप झाला की त्याचे तरंग चहूकडे पसरतात. त्यांपैकी प्राथमिक तरंग वेगवान असतात आणि ते घन पदार्थातून तसेच द्रवातूनही जातात. दुय्यम तरंग त्यांच्या मागून येतात आणि ते फक्त घन पदार्थातूनच प्रवास करू शकतात. हे दोन प्रकारचे तरंग दूरच्या केंद्रांवर झालेल्या नोंदींत वेगळे ओळखता येतात, हे दाखवून दिले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात अधिकारी होते आणि १२ जून १८९७ रोजी आसामात झालेल्या प्रलयंकारी भूकंपाचा अभ्यास त्यांच्याकडे होता. पुढे १९०६ साली याच तरंगांच्या वागणुकीवरून त्यांनी पृथ्वीच्या मध्यभागी निराळ्या गुणधर्माचा गाभा असल्याचे अनुमान मांडले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९०९ रोजी, क्रोएशियातील झाग्रेब शहराच्या दक्षिणेस एक भूकंप झाला. तेथील वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच यांना नोंदींत एक विलक्षण गोष्ट दिसली. काही ठिकाणी प्राथमिक तरंग एकदा न येता दोनदा आले होते. एकच धक्का दोन वाटांनी आल्याखेरीज असे घडणार नाही. त्यांनी असा निष्कर्ष काढला की, काही तरंग वरच्या थरातून सरळ आले आणि काही खाली उतरून, अधिक जलद वाटेने धावून, पुन्हा वर आले. गावातल्या जवळच्या रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीपेक्षा वळसा घालून हमरस्त्याने जाणारी मोटार आधी पोचावी, तसाच हा प्रकार. म्हणजे सुमारे ५४ किलोमीटर खोलीवर, असे त्यांनी गणित केले, खडकाचा प्रकार एकाएकी बदलतो. या सीमेला आज 'मोहो' असे सुटसुटीत नाव आहे. तिच्या वरचे ते भूकवच आणि खालचे ते प्रावरण.

मोहोची खोली सर्वत्र सारखी नसते. खंडांखाली ती साधारणतः तीस ते पन्नास किलोमीटर असते, महासागरांच्या तळाखाली अवघी सहा-सात किलोमीटर. कवचातून सेकंदाला सहा-सात किलोमीटर वेगाने जाणारे प्राथमिक तरंग मोहो ओलांडताच आठ किलोमीटर वेगाने धावू लागतात. प्रावरण तेथून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेले आहे आणि पृथ्वीच्या घनफळाचा सुमारे ८४ टक्के भाग एकट्या प्रावरणाचा आहे. पृथ्वी दहा सेंटिमीटर व्यासाच्या डाळिंबाएवढी कल्पिली, तर खंडांखालच्या भूकवचाची जाडी पाव मिलिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी भरेल. आपली शेती, खाणी, धरणे, विहिरी हे सर्व त्या पोस्टकार्डाच्या वरच्या पदरात आले.

ओळंब्याची साक्ष

भूकंपतरंगांच्या आधीचा एक पुरावा आपल्या देशातच सापडलेला आहे. तो फारसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे थोड्या विस्ताराने देतो.

एकोणिसाव्या शतकात भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम चालू असताना जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पथकाने मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन स्थानकांमधील अंतर दोन पद्धतींनी काढले. एक जमिनीवरच्या प्रत्यक्ष मोजणीने, दुसरे ताऱ्यांच्या वेधांनी. दोन्ही उत्तरे जुळावयास हवी होती, पण त्यांत सुमारे ५.२ विकलांचा फरक आला. फरक अगदी क्षुल्लक वाटेल, परंतु त्या मोजणीची काटेकोर शिस्त पाहता तो दुर्लक्षण्याजोगा नव्हता. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे गणिताचे जाणकार होते. त्यांनी सुचविले की, हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असल्यामुळे वेध चुकत असावेत. मात्र त्यांनी या ओढीचे गणित मांडले, तेव्हा फरक सुमारे १५.९ विकलांचा यावयास हवा होता असे निघाले. म्हणजे हिमालय ओळंब्याला ओढत होता खरा, पण अपेक्षेच्या एक-तृतीयांश जोराने!

एवढा मोठा पर्वत इतका हलका कसा? १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी याचे उत्तर दिले. पर्वताचा वर दिसणारा भाग जेवढा, त्याहून कितीतरी मोठे त्याचे मूळ खाली जड द्रव्यात बुडालेले असते. मूळ हलक्या खडकाचे असल्यामुळे तेथे जड द्रव्याची जागा हलक्या द्रव्याने घेतलेली असते आणि एकंदर ओढ कमी भरते. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो अधिक जाड, तो वरही अधिक दिसतो आणि खालीही अधिक बुडतो, त्यातलाच हा न्याय. याला समस्थायित्व म्हणतात. पुढे भूकंपतरंगांच्या साहाय्याने मोजले असता हिमालय व तिबेटखाली कवचाची जाडी सत्तर किलोमीटर व काही ठिकाणी त्याहूनही अधिक आढळली. ओळंब्याने सांगितलेली गोष्ट अशी खरी ठरली.

तरंगण्यासाठी हलके-जड हा भेद लागतो. खंडांच्या कवचाची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, सागरतळाच्या कवचाची ३ पट आणि प्रावरणाच्या वरच्या भागाची ३.३ पट असते. कवचाच्या वजनात सुमारे ४६ टक्के वाटा ऑक्सिजनचा आणि २८ टक्के सिलिकॉनचा आहे. त्याखालोखाल ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम येतात. आपण श्वासाबरोबर घेतो तोच वायू पायाखालच्या दगडात जवळजवळ निम्म्याने भरलेला आहे, हे कलाशाखेच्या माणसाला एकदम पटत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. जुन्या क्रमिक पुस्तकांत खंडीय कवचाला 'सियाल' आणि सागरी कवचाला 'सायमा' म्हटलेले शिक्षकांच्या स्मरणात असेल. सिलिकॉन-ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन-मॅग्नेशियम यांच्या आद्याक्षरांवरून पडलेली ती नावे. शास्त्रज्ञांनी आता ती बहुतेक सोडून दिली असली, तरी त्यांतील मूळ भेद चुकीचा नाही. खंडांचे कवच एकंदरीने ग्रॅनाइटाकडे झुकणारे, सागरतळाचे कवच बेसाल्टाचे.

घन, तरीही वाहणारे

प्रावरणाविषयी एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. कवचाच्या खाली सर्वत्र लाव्हारसाचा समुद्र खदखदत आहे आणि आपण त्यावरच्या सायीसारख्या पातळ थरावर उभे आहोत, असे अनेक सुशिक्षितही समजतात. हे खरे नाही. दुय्यम तरंग प्रावरणातून आरपार जातात, आणि ते द्रवातून जाऊ शकत नाहीत. तेव्हा प्रावरण घन आहे. द्रव आहे तो त्याच्या खालचा बाह्य गाभा.

पण घन म्हणजे अचल, असे मात्र समजू नये. रस्त्याच्या कामावरचा डांबराचा थंड गोळा हातोडीने फोडला तर त्याचे तुकडे उडतात, आणि तोच गोळा उन्हात तसाच ठेवला तर काही काळाने पसरून सपाट होतो. झटक्याला तो दगड, सबुरीला तो पाक. प्रावरणाचा खडक असाच वागतो. भूकंपाच्या क्षणिक धक्क्याला तो पोलादासारखा ताठ असतो, लक्षावधी वर्षांच्या ताणाला मात्र वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने वाहतो. याचा प्रत्यक्ष दाखला उत्तर युरोपात मिळतो. हिमयुगात स्वीडन-फिनलंडवर साचलेल्या दोन-तीन किलोमीटर जाड बर्फाच्या भाराने तेथील कवच खाली दबले होते. ते बर्फ वितळून सुमारे दहा हजार वर्षे लोटली, तरी बोथनियाच्या आखाताभोवतीची जमीन अजूनही वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर वर येत आहे, कारण खालचे प्रावरण सावकाश परत येऊन पोकळी भरत आहे.

प्रावरणाच्या तळाशी तापमान तीन हजार अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. इतक्या उष्णतेत खडक वितळत का नाही? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. प्रेशर कुकरमधील पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, कारण वरून दाब असतो. त्याचप्रमाणे प्रचंड दाबाखाली खडकाचा वितळणबिंदू वर सरकतो. दाब वाढत गेला की खनिजांची रचनाही अधिक दाटीची होते. प्रावरणाच्या वरच्या भागात ऑलिव्हिन हे हिरवट खनिज प्रमुख असते. सुमारे ४१० आणि ६६० किलोमीटर खोलींवर त्याचे रूप पालटते, आणि त्याखाली ज्या खनिजाचे राज्य आहे त्याला २०१४ साली 'ब्रिजमनाइट' असे नाव मिळाले. पृथ्वीवरील सर्वांत विपुल खनिज तेच, आणि ते आपल्या पाहण्यात कधी येत नाही!

प्रावरणाचे मासले मात्र अधूनमधून वर येतात. मध्य प्रदेशातील पन्नाजवळ मझगवाँ येथील हिरे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर तयार होऊन ज्वालामुखीच्या नळीतून वर आलेले आहेत. २०२३ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी, जेथे प्रावरणाचा खडक भूहालचालींमुळे वर ढकलला गेला आहे, तेथे १,२६८ मीटर खोल छिद्र पाडून त्याचे सलग नमुने काढण्यात आले.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'भूपट्ट' म्हणजे केवळ भूकवच नव्हे. कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा ताठ भाग मिळून सुमारे शंभर ते दोनशे किलोमीटर जाडीचे शिलावरण बनते, आणि त्याचे तुकडे म्हणजे भूपट्ट. त्याखालच्या मऊ दुर्बलावरणावरून ते सरकत असतात. भारतीय पट्ट ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे पाऊणशे वर्षांत पावणेचार मीटर. उत्तरेस त्याची आशियाई पट्टाशी टक्कर चालू आहे. ज्याचे डोके भिंतीला टेकले आहे आणि ज्याला मागून कोणी ढकलत आहे, त्याच्या सर्वांगाला ताण बसतो. तो ताण महाराष्ट्राच्या कवचालाही बसतो.

वर आलेले प्रावरण

आता पुन्हा काळ्या पाषाणाकडे वळू. प्रावरणाचा तप्त खडक काही कारणाने वर चढू लागला की त्याच्यावरील दाब उतरतो, आणि कुकरचे झाकण सैल झाल्याप्रमाणे त्याचा काही अंश वितळतो. हा वितळलेला रस म्हणजेच बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, भारतीय पट्ट हिंदी महासागरात सध्याच्या रियुनियन बेटाच्या जागेवरून जात असताना, प्रावरणातून असा उमाळा आला. शंकूसारख्या एखाद्या पर्वतातून न येता लाव्हा प्रामुख्याने लांबच लांब भेगांतून वाहिला आणि थरावर थर साचत गेले. आज त्यांपैकी सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्र शिल्लक आहे. डोंगरउतारांना त्यांनी पायऱ्यांचे रूप दिले, म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्यांना 'ट्रॅप' हे नाव मिळाले. पट्ट पुढे सरकला, उमाळा मागे राहिला. त्याच्या वाटेवर मालदीव, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन ही बेटे घडली. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी कुटुंब ज्या काळ्या दगडावर उभे आहे, तो आणि सह्याद्रीचा पाषाण यांचे मूळ असे एकच आहे.

परंतु हा पाषाण कवचाच्या हिशेबात किती? सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते, पूर्वेकडे ती उतरत जाते. किल्लारी येथे भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात ती अवघी ३३८ मीटर भरली. १९७०च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना परिसरात केळशी ते लोणी आणि गुहागर ते चोरोची या दोन रेषांवर जमिनीत सुरुंग उडवून त्यांच्या तरंगांच्या नोंदी घेतल्या. त्यांवरून तेथे मोहो सुमारे ३६ ते ४० किलोमीटर खोल असल्याचे दिसून आले. चाळीस किलोमीटर कवचावर दोन किलोमीटर, नाही तर पाव-अर्धा किलोमीटर पाषाण! पलंगावर अंथरलेल्या गोधडीएवढाच हा प्रकार. खाली पलंग आहे तो ग्रॅनाइट व पट्टिताश्म या, अडीच-तीनशे कोटी वर्षांच्या म्हाताऱ्या खडकांचा. त्याला त्याच्या दीर्घ आयुष्यात अनेकदा भेगा पडल्या, सांधे निखळले. लाव्हाने हे सर्व झाकून टाकले. पृष्ठभागावरून पाहणाऱ्याला गोधडी दिसते, मोडका पाय दिसत नाही.

किल्लारीला मोडला तो हा खालचा खडक. भूकंपाचा उगम दहा किलोमीटरपेक्षाही कमी खोलीवर होता. उगम इतका उथळ असल्यामुळे धक्क्याचा जोर पसरण्यापूर्वीच वर पोचला. १९९२ सालच्या उत्तरार्धात त्या परिसरात लहान धक्के जाणवले होते, पण तेवढ्यावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. आजही कोणत्याही भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कोठेही उपलब्ध नाही. अशी भाकिते अधूनमधून गावांत पसरतात व घबराट होते. ग्रामपंचायतींनी ती निःशंकपणे निराधार ठरवावीत.

कोयनेची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर भूकंपांची मालिका सुरू झाली, आणि १९६७चा भूकंप हा जलाशयामुळे चेतलेल्या भूकंपांत जगातील सर्वांत मोठा मानला जातो. पाण्याने भूकंप 'निर्माण' केला असे म्हणणे बरोबर होणार नाही. ताण आधीपासूनच होता. जलाशयाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, भेगांच्या दोन्ही बाजूंना आतून दाबते, आणि त्यांना एकमेकींवर रोखून धरणारे घर्षण कमी करते. मोडकळीस आलेला सांधा मग सरकतो. हे प्रत्यक्ष तपासण्यासाठी केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे एक खास प्रयोगशाळा स्थापन केली आहे. २०१७ साली कोयना परिसरात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विंधनविवर पूर्ण झाले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपला आणि जुना खडक लागला. जेथे भूकंप जन्मतात त्या जागेच्या इतक्या निकट जाऊन पाहण्याचे असे प्रयत्न जगात फार थोड्या ठिकाणी झाले आहेत.

गावाच्या कामाचे

पाण्याचा विचार करतानाही हीच रचना उपयोगी पडते. काळा पाषाण अंगचा सच्छिद्र नाही. पाणी असते ते मुरमात, मांजऱ्या थरात आणि भेगा-सांध्यांत. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा लागतो, तो पाणी अडवितो. त्यामुळे विंधनविहीर जितकी खोल तितके पाणी अधिक, हा हिशेब आपल्याकडे चालत नाही. कोकणात वज्रेश्वरीपासून उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची जवळजवळ एक रांगच आहे. त्यांचा जिवंत ज्वालामुखीशी संबंध नाही. पावसाचेच पाणी भेगांतून खोल उतरते, कवचाच्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. दर किलोमीटरला खडकाचे तापमान वीस-तीस अंशांनी वाढत जाते, एवढे त्याला पुरेसे आहे.

घरांची बाब मात्र सावकाशीने सांगावयास हवी. किल्लारीचा धक्का परिमाणाच्या दृष्टीने मध्यम म्हणावा असा होता. माणसे मेली ती भिंतींनी आणि माळवदांनी. दोन-तीन फूट जाडीच्या भिंतींचे आतले व बाहेरचे दगडी पदर केवळ मातीत बसविलेले होते आणि मध्ये गोट्यांची भर होती. धक्का बसताच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि वरचा मातीचा भार खाली आला. भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठी सूचना दिलेल्या आहेत आणि त्या कोणत्याही गवंड्याला समजण्याजोग्या आहेत. भिंतीच्या आरपार पोचणारे दगड ठरावीक अंतरावर बसवावेत. कोपरे लांब दगडांनी बांधून घ्यावेत. जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावर घराभोवती सलग पट्टा फिरवावा. छपरावरची माती कमी करावी. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, त्यांखेरीज कित्येक गावांत उभ्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. २००२ साली सुधारलेल्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात पहिला विभागच वगळण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. जुन्या वर्गखोल्या, समाजमंदिरे आणि पंचायतीच्या इमारती यांची तपासणी करताना त्या कोणत्या साली बांधल्या गेल्या, हे पाहणे म्हणून अगत्याचे आहे.

शाळांना सहल काढून ही रचना पाहावयाची असेल, तर काळा पाषाण जेथे संपतो त्या कडेला जावे. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागात देगलूरच्या बाजूस ग्रॅनाइटाचे गुळगुळीत गोलाकार खडक उघड्यावर आहेत. गोंदिया जिल्ह्यातील आमगावच्या नावाने तेथील प्राचीन पट्टिताश्म ओळखला जातो. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली जिल्ह्यांतही जुना खडक अनेक ठिकाणी पृष्ठभागावर आहे. त्याचा एक आणि काळ्या पाषाणाचा एक असे सारख्या आकाराचे दोन तुकडे मुलांच्या हातात द्यावेत. काळा तुकडा वजनाला अधिक भरतो, आणि प्रावरणातून तो आल्याची ही खूण वर्गातल्या साध्या तराजूवरही दिसते.